जुन्या डेस्कटॉपचा लिक्विड कूलर: पेस्ट बदलूनही दर काही महिन्यांनी प्रोसेसर पुन्हा का तापतो?

मशीन तापतं म्हणून दुकानात न्यायचं, तिथे थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधे लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून मिळते, महिना-दीड महिना सगळं सुरळीत चालतं. मग पुन्हा पंख्यांचा आवाज वाढतो, काम रेंगाळायला लागतं आणि एखादी मोठी फाइल एक्स्पोर्ट होत असताना मशीन धाडकन बंद पडतं. पुन्हा दुकान, पुन्हा पेस्ट. लिक्विड कूलर बसवलेल्या आठ-दहा वर्षं जुन्या डेस्कटॉपबद्दल ही तक्रार मी सतत ऐकतो, म्हणून या एकाच प्रश्नावर सविस्तर लिहितोय. लिक्विड कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसणारा पंप, त्यातून निघणाऱ्या दोन नळ्या आणि पंखा लावलेला रेडिएटर; आतलं पाणी या सगळ्यांतून फिरत प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं.

पेस्ट बदलल्यावर आलेला आराम टिकत नसेल, तर बिघाड पेस्टमध्ये नव्हताच. तो अनेकदा कूलरच्या आतल्या पाण्यात असतो.

मग पेस्ट बदलल्यावर थोडे दिवस बरं का वाटतं? कारण पेस्ट बदलायची तर कूलर काढावा लागतो. काढला की तो उलटा होतो, आडवा होतो, टेबलावर ठेवला जातो, नळ्या वाकतात. या उलथापालथीत पंपात अडकलेली हवा रेडिएटरकडे सरकते आणि आतल्या बारीक पात्यांवर बसलेला गाळ थोडा हलतो. पाणी पुन्हा वाहायला लागतं. श्रेय मात्र पेस्टला मिळतं. काही आठवड्यांत गाळ परत जागेवर येऊन बसतो, हवा परत पंपात जमते आणि तापमान चढतं. चांगली पेस्ट नीट लावली तर काही वर्षं टिकते. दर दोन महिन्यांनी ती बदलावी लागत असेल, तर निदान चुकतंय एवढाच त्याचा अर्थ.

लग्नाचे अल्बम करणाऱ्या एका स्टुडिओतल्या मशीनचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळ्या गोष्टी एकत्र होत्या. इंटेल आय७-४७९०के, म्हणजे २०१४ सालचा प्रोसेसर. बारा सेंटिमीटरचा एक पंखा असलेला सीलबंद लिक्विड कूलर, मशीनइतकाच जुना. तक्रार दर उन्हाळ्यातली. थंडीत मशीन आपोआप बरं व्हायचं, त्यामुळे मालकांना वाटायचं की मागची दुरुस्ती लागू पडली. प्रत्यक्षात लिक्विड कूलर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना जो कूलर कसाबसा निभावून नेतो, तोच मे महिन्यात खोली ३८ वर गेली की हरतो. प्रोसेसर तेवढाच, काम तेवढंच, फक्त सुरुवातच सोळा अंश वरून होते. त्यामुळे मोसमानुसार येणारी-जाणारी तक्रार म्हणजे कूलरची ताकद कमी झाल्याची खूण समजा.

पाणी जातं कुठे?

सीलबंद कूलर म्हटलं की लोकांना वाटतं, गळत नाही म्हणजे पाणी तेवढंच आहे. तसं नसतं. रबरी नळीच्या भिंतीतून पाण्याचे रेणू अतिशय संथपणे, पण सतत बाहेर झिरपत असतात. बाहेर ओल दिसत नाही, कारण झिरपणारं पाणी लगेच उडून जातं. पाणी कमी होतं तसा आत हवेचा फुगा वाढतो. एक पंखावाल्या छोट्या कूलरमध्ये मुळात पाणीच जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर असतं, त्यामुळे त्यातलं वीस-तीस मिलिलिटर गेलं तरी फरक पडतो.

गळती हा वेगळा आजार. अ‍ॅपलने २००४ साली पॉवर मॅक जी५ च्या २.५ गिगाहर्ट्‌झ मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं होतं. ही मशीन आजही जपणाऱ्या मंडळींना सगळ्यात मोठी भीती गळतीची असते, कारण बाहेर आलेला द्रव बोर्ड आणि पॉवर सप्लाय खातो. आपल्या सीलबंद कूलरमध्ये सहसा उलटं होतं: बाहेर काही दिसत नाही, नुकसान आतल्या आत होतं.

दुसरा भाग गाळाचा. प्रोसेसरवर टेकणारी प्लेट तांब्याची असते आणि बहुतेक सीलबंद कूलरचा रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. ते थांबवण्यासाठी कंपनी पाण्यात ग्लायकॉल आणि गंजरोधक रसायन घालते. वर्षं गेली की रसायनाचा जोर ओसरतो, झीज सुरू होते आणि तिचा पांढरट गाळ फिरत फिरत सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसतो. ती जागा म्हणजे तांब्याच्या प्लेटवरच्या बारीक पात्या.

उघडण्याआधी तपासायच्या गोष्टी

कूलर उघडणं हा शेवटचा उपाय. त्याआधीच्या तपासण्या फुकट आहेत आणि निम्म्या मशीनचं काम त्यातच होतं.

सर्वांत आधी धूळ. कॅबिनेटला बाहेरून ब्लोअर मारून उपयोग नाही. पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धुळीची अख्खी गादी तयार होते आणि ती पंखा सोडवल्याशिवाय दिसत नाही. पंख्याचे चार स्क्रू काढा, गादी हाताने उचला, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे बायोसचा (मशीनच्या मूळ सेटिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) सेल. जुन्या मशीनमध्ये याकडे कुणीच बघत नाही आणि मला याबद्दल फार कळकळीने सांगायचंय. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा गोल सेल असतो. तो संपला की लाइट गेल्यावर किंवा मेन स्विच बंद केल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. अनेक कूलरचा पंप मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनवरून वीज घेतो. सेटिंग पुसल्या की बोर्ड त्या पिनला साधा पंखा समजतो आणि आवाज कमी ठेवण्यासाठी व्होल्टेज उतरवतो. बारा व्होल्टवर चालणारा पंप सहा-सात व्होल्टवर रडतखडत फिरतो. दुकानदार बायोसमध्ये जाऊन सेटिंग नीट करून देतो, आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मशीन सुरू केल्यावर तारीख-वेळ चुकीची दिसत असेल तर बाकी काही करण्याआधी सेल बदला. मग बायोसमध्ये जाऊन पंपाच्या पिनला ‘फुल स्पीड’ द्या आणि सेव्ह करा. तुमचा पंप थेट एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) साटा केबलवरून वीज घेत असेल तर ही भानगड तुम्हाला लागू नाही. तिथे मदरबोर्डकडे जाणारी वायर फक्त फेरे मोजण्यासाठी असते.

त्याच फेरीत बायोसमधली आणखी एक सेटिंग बघा. काही बोर्ड सगळे कोअर कमाल वेगावर धावावेत म्हणून ‘मल्टिकोअर एनहान्समेंट’ अशा काहीशा नावाची सोय चालू ठेवतात. ४७९०के वर त्यामुळे चारही कोअर ४.४ गिगाहर्ट्‌झवर अडून बसतात आणि उष्णता उगाच वाढते. बंद करा. कामात फरक जाणवणार नाही.

आता खरं निदान. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ठेवा आणि सिनेबेंच (प्रोसेसरला कामाला लावणारी टेस्ट) चालवा. या पिढीच्या प्रोसेसरवर प्राइम९५ या दुसऱ्या टेस्टच्या नव्या आवृत्त्या नको तेवढा ताण देतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका. टेस्ट सुरू केल्यावर तापमान किती चढतं यापेक्षा ते किती झपाट्याने चढतं, हे बघा.

यामागे साधं गणित आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. दीडशे मिलिलिटर पाण्याला सुमारे ६३० ज्यूल. ४७९०के ची अधिकृत उष्णता ८८ वॅट, म्हणजे रेडिएटरने काहीच काम केलं नाही असं धरलं तरी पाणी एका अंशाने तापायला सात सेकंद लागतील. त्यामुळे टेस्ट सुरू होताच तीन-चार सेकंदांत तापमान ४५ वरून ९५ ला भिडलं, तर पाणी तापलं म्हणून ते भिडलेलं नाही. उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाहीये. कारणं चार: कूलर घट्ट बसलेला नाही, पेस्ट वाळली, पंप बंद आहे किंवा पात्या तुंबल्या. याउलट तापमान दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत जात असेल, तर उष्णता पाण्यात जातेय पण पाण्यातून बाहेर पडत नाहीये. म्हणजे धूळ, मंद पंखा किंवा कॅबिनेटमध्ये कोंडलेली हवा.

टेस्ट चालू असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. चांगल्या कूलरच्या नळ्यांमधला फरक हाताला कळत नाही, दोन्ही सारख्याच कोमट लागतात. एक चटका देणारी आणि दुसरी थंड असेल, किंवा प्रोसेसर नव्वदच्या पुढे असताना दोन्ही नळ्या आणि रेडिएटर थंडगार असतील, तर पाणी वाहत नाहीये. इथेच निदान पक्कं झालं.

पंपाचे फेरे स्क्रीनवर नीट दिसतात म्हणून पंप चांगला, असं मात्र धरू नका. पंपाचं चाक फिरत असतं, पण पुढे पात्याच तुंबल्या असतील तर ते आहे त्याच पाण्यात घुसळत राहतं. स्टुडिओच्या मशीनमध्ये नेमकं हेच होतं. फेरे अगदी व्यवस्थित, रेडिएटर थंड, प्रोसेसर १०० अंशांवर.

आवाजावरूनही कळतं. मशीन सुरू करताना खळखळ ऐकू येणं म्हणजे आत हवा. सतत करकर म्हणजे पंपाचं बेअरिंग संपत आलंय, आणि असा कूलर दुरुस्त करत बसू नका.

मशीन बंद पडत असेल पण त्या वेळी तापमान सत्तरच्या आसपासच असेल, तर मात्र कूलरला दोष देऊ नका. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोहोचल्यावर तो आधी स्वतःचा वेग उतरवतो, लगेच बंद होत नाही. वेग न उतरता मशीन विझत असेल तर आधी एसएमपीएस तपासा.

हवा अडकली असेल तर

तुंबल्याची खात्री नसेल आणि खळखळ येत असेल, तर आधी हा सोपा उपाय करा. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जमते. ती जागा पंप असता कामा नये. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असेल तर उत्तम. पुढच्या बाजूला उभा असेल तर त्याचा वरचा काठ पंपापेक्षा उंच हवा, आणि शक्य असल्यास नळ्या खालच्या अंगाला. रेडिएटर तळाशी आणि पंप वर, अशी मांडणी दिसली तर दुसरं काही शोधू नका, तीच बदला. मग मशीन चालू ठेवून कॅबिनेट हळूहळू पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवा. खळखळ थांबेपर्यंत. हार्ड डिस्क असेल तर तिची वायर आधी काढून ठेवा, ती फिरत असताना हलवलेली तिला चालत नाही.

कूलर उघडून साफ करणं

वॉरंटी असेल तर इथून पुढे वाचू नका, कंपनीकडे पाठवा. नसेल आणि कूलर तसाही टाकायच्याच अवस्थेत असेल, तर करून बघण्यासारखं काम आहे.

काढताना मशीन थोडं चालवून कोमट करा, बंद करा, वायर काढा, मग कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे थोडा पिळून सोडवा. जुन्या एएमडी बोर्डांवर हे फार महत्त्वाचं, कारण तिथे ओढल्यास प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

बहुतेक पंपांच्या तांब्याच्या प्लेटचे स्क्रू टॉर्क्स डोक्याचे (सहा टोकांच्या ताऱ्यासारखी खाच असलेले) असतात. दुकानात ‘स्टार’ मागितलंत तर साधा प्लसचा पेचकस हातात पडेल, म्हणून टॉर्क्स बिटचा सेटच मागा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. घमेलं किंवा परात खाली घेऊन काम करा, आणि हातमोजे घाला. आतल्या द्रवात इथिलीन ग्लायकॉल असू शकतं, ते विषारी असतं आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्र्या-मांजरांनी चाटण्याचा धोका असतो. निघालेला द्रव मोजून बाटलीत भरा, झाकण लावा, लेबल चिकटवा. कुंडीत किंवा अंगणात ओतू नका.

स्टुडिओचा कूलर उघडला तेव्हा निघालेला द्रव चहाच्या कपभरही नव्हता. प्लेटवर मधोमध अंगठ्याएवढ्या चौकोनात तांब्याच्या पात्या असतात, दोन पात्यांत कागद जेमतेम सरकेल एवढी फट. त्या चौकोनाचा एक तृतीयांश भागच तांब्याच्या रंगाचा होता. बाकीच्या भागावर भिजलेल्या खडूसारखा राखाडी-पांढरा थर, बरोबर त्या जागी जिथे वरून पाणी आत पडतं. नखाने खरवडला तर गुळगुळीत, चिकट. या थराखाली कितीही महागडी पेस्ट लावली असती तरी काही होणार नव्हतं.

साफ करायला मऊ टूथब्रश पुरतो. ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवा, आडवा फिरवला की पात्या वाकतात आणि मग फटी कायमच्या बंद. चिवट थर असेल तर ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक अ‍ॅसिड, कपभर कोमट पाण्यात एक चमचा, त्यात फक्त तांब्याची प्लेट दहा मिनिटं बुडवा. फक्त प्लेट, हे पुन्हा सांगतो. हे पाणी किंवा व्हिनेगर रेडिएटरमध्ये घालायचं नाही, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाईल. प्लेट डिस्टिल्ड पाण्याने खळखळून धुवा आणि उजेडासमोर तिरकी धरून प्रत्येक फट मोकळी दिसतेय का ते बघा. तांब्यावर खड्डे पडलेले दिसले तर काम इथेच थांबवा, कूलर भंगारात.

नळ्या सहसा कायमच्या दाबून बसवलेल्या असतात, त्या कापू नका. प्लेट निघाल्यावर पंपाच्या तोंडातून दोन्ही मार्ग दिसतात. एका मार्गाने सिरिंजने कोमट डिस्टिल्ड पाणी भरायचं, रेडिएटर हलवायचा, दुसऱ्या मार्गाने काढायचं. पहिल्यांदा काळे-पांढरे कण येतील. ते यायचे थांबेपर्यंत धूत राहा. घाई केलीत तर उरलेला गाळ पुन्हा त्याच पात्यांत येऊन बसेल आणि दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा परात घेऊन बसाल.

काय भरायचं

नळाचं पाणी नको, बोअरचं तर मुळीच नको, आरओचंही नको. पेट्रोल पंपावर आणि बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी चालतं. बाटलीवरचं नीट वाचा, शेजारीच बॅटरीचं अ‍ॅसिडही विकायला असतं. पण नुसतं डिस्टिल्ड पाणीही पुरत नाही. गंजरोधक नसेल तर तांबं-अ‍ॅल्युमिनियमची कुरबुर पहिल्या दिवसापासून सुरू होते. कॉम्प्युटरसाठीचं तयार कूलंट मिळालं तर तेच घ्या, फक्त ते अ‍ॅल्युमिनियमला चालतं असं बाटलीवर लिहिलेलं हवं. नाही मिळालं तर अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरसाठीचं मोटारीचं कूलंट, एक भाग कूलंट आणि चार भाग डिस्टिल्ड पाणी. त्याहून घट्ट करू नका, या छोट्या पंपाला ते ढकलणं जड जातं.

भरताना रेडिएटर खाली आणि पंपाचं तोंड वर ठेवा. सिरिंजने एका मार्गात हळूहळू भरत जा, मधे मधे नळ्या दाबा, रेडिएटर कलवा, टिचक्या मारा. बुडबुडे येतच राहतात, संयम लागतो. द्रव तोंडापर्यंत काठोकाठ आला की ओ-रिंग (प्लेटखालून गळू न देणारी रबरी रिंग) तिच्या खाचेत बसवा. रिंग चपटी झालेली किंवा चिरलेली असेल तर त्याच मापाची नवी घ्या, जुनीवर विसंबू नका. प्लेट एका कडेने टेकवत सरकवा म्हणजे हवा आत राहणार नाही. स्क्रू समोरासमोरचे, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा.

आता कूलर लगेच मशीनवर चढवायचा नाही. परातीत टिश्यू पेपर पसरा, त्यावर कूलर ठेवा आणि पंप सुट्या एसएमपीएसवर चालवा. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरला तारेच्या तुकड्याने जोडली की एसएमपीएस चालू होतो. ही जोडणी मेन स्विच बंद असतानाच करा. दिवसभर चालू द्या, मधे मधे उलटापालटा करा. टिश्यूवर एक जरी डाग दिसला तरी ओ-रिंग पुन्हा बघा. कोरडा राहिला तरच पुढे जा.

प्रोसेसर आणि प्लेट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते असतंच. पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. चारही स्क्रू तिरके समोरासमोर आवळत जा. मग तीच टेस्ट पुन्हा. खोली तीस अंशांवर असताना सिनेबेंचमध्ये हा प्रोसेसर सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास स्थिरावला, तर काम झालं.

दुरुस्ती नको, असं केव्हा म्हणायचं

ज्या मशीनवर घर चालतं, ज्यात लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत, तिथे मी जुना लिक्विड कूलर दुरुस्त करून पुन्हा बसवत नाही. उघडलेला कूलर किती वर्षं टिकेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही आणि त्याच्या बरोबर खाली ग्राफिक्स कार्ड असतं. स्टुडिओचा कूलर साफ करून तापमान उतरलेलं मालकांना दाखवलं, निदान पटवलं, आणि मशीनवर मात्र साधा टॉवर एअर कूलर बसवला. ८८ वॅटच्या प्रोसेसरला तो सहज पुरतो, त्यात पाणी नाही, पंप नाही, आणि बिघडलाच तर पंखा बदलून मोकळं होता येतं. घेताना दोन मापं बघा: कॅबिनेटमध्ये उंची मावते का आणि रॅमच्या वर आडवा येतो का. खोक्यावर या प्रोसेसरच्या सॉकेटचा नंबर, म्हणजे ११५० किंवा ‘११५एक्स’, लिहिलेला हवा. ११५५, ११५०, ११५१ आणि १२०० या सॉकेटांची छिद्रं सारख्याच अंतरावर आहेत, १७०० ची नाहीत, आणि नव्या कूलरच्या खोक्यात जुन्या सॉकेटला बसणारी पट्टी असेलच असं नाही.

नवा किंवा साफ केलेला कूलर बसवूनही तापमान पहिल्या तीन सेकंदांतच उसळत असेल, तर एक शक्यता उरते. ४७९०के च्या धातूच्या झाकणाखाली, झाकण आणि सिलिकॉनची चिप यांच्या मधेही पेस्टच आहे, डाख (सोल्डर) नाही. २०११ च्या २६००के ला डाख होता. ती आतली पेस्ट वाळली असेल तर बाहेरून काहीही करून फायदा नाही. झाकण उघडण्याचे प्रयोग करू नका. बायोसमधून कमाल वेग दोन-तीनशे मेगाहर्ट्‌झने उतरवा आणि व्होल्टेज थोडं कमी करा, उन्हाळा निभावतो.

आणि ज्यांनी कूलर स्वतः भरलाय त्यांच्यासाठी: मशीनवर चढवण्याआधी तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पंख्याशिवाय तोला आणि वजन, तारीख रेडिएटरच्या कडेला मार्करने लिहून ठेवा. पुढे कधीही काढलात तर पेस्ट पुसून पुन्हा तोला. जेवढे ग्रॅम कमी, साधारण तेवढे मिलिलिटर पाणी गेलं.